मास्तरांसाठी सोडलेली पाने

सोमवार, ८ ऑक्टोबर २०१८. संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटे.

शटर अर्धे खाली ओढून रॉकेलच्या बोळ्याने शाईचे रूळ पुसत होतो. तेवढ्यात मास्तर आतल्या खोलीतून म्हणाले, "एल्विओ, हात धुऊन ये. एक काम आहे, आणि ते छपाईचं नाही."

टेबलावर एक नवे पुस्तक होते. मास्तरांच्या मुलीचे, फिओरेन्झाचे. ती तोरिनोला असते आणि बारा वर्षांत गावी आलेली नाही. ही तिची तिसरी कादंबरी, आणि या वेळी त्यात बाप आहे असे सगळे मोन्तेवेर्रो गाव म्हणते. मास्तरांना आता छपाईच्या मोठ्या लाकडी खिळ्यांवरचे सोडले तर दुसरे अक्षर दिसत नाही. जिथे बघावे तिथेच मधोमध डाग येतो म्हणतात.

"बारमध्ये सगळे माझ्याकडे बघून गालात हसतात," मास्तर म्हणाले. "कशाला हसतात ते मला कळायला नको? रोज दुकान बंद केलं की एक प्रकरण वाचायचं."

"मास्तर, मी आठवीनंतर शाळा सोडली. मला कादंबरी कशी वाचता येईल?"

"मयताची पत्रकं वाचतोस ना? तसंच. फक्त यात मेलेली माणसं बोलतात."

पुस्तक औषधवाल्या बाईंकडून मागून आणलेले आहे, त्यामुळे त्यावर खूण करता येणार नाही. मी उद्या स्वतःसाठी एक विकत घेईन. आधी घरी एकदा वाचून ठेवलेले बरे. मास्तरांसमोर अडखळायला नको.

गुरुवार, ११ ऑक्टोबर

पहिले प्रकरण काल रात्री घरी दोनदा वाचले.

पुस्तकातला बापही छापखानेवाला आहे. त्याला नाव नाही. ती नुसते "तो" लिहिते. तिसऱ्या पानावर मुलगी एक खिळा उलटा लावते आणि तो खिळे उचलायच्या चिमट्याने तिच्या बोटांच्या पेरांवर मारतो. रडू आले तर आणखी एक.

संध्याकाळी वाचताना मी "तो"च्या जागी "बाबा" म्हटले. चिमट्याच्या जागी "बाबांनी तिला चूक दाखवली" असे म्हटले. वाक्य नीट बसले. याआधी मी कुणाचे छापलेले वाक्य बदललेले नव्हते. मास्तरांनीच शिकवले आहे की कागदावर आहे तेच जुळवायचे, मग ते कितीही वेडगळ असो.

मास्तर थोडा वेळ आपल्या उजव्या हाताची पेरे चोळत बसले. मग म्हणाले, "बरं लिहिते की. मवाळ लिहिते."

मी हे का केले ते इथे लिहून ठेवतो. दोन वर्षांपूर्वी मी म्हाताऱ्या नाझारेनोच्या मयताची पत्रके जुळवली. वयाचा आकडा तीनदा तपासला, आणि नाव मात्र त्याच्या जिवंत भावाचे लावले. पहाटे मीच खळीची बादली घेऊन गावभर भिंतींवर ती चिकटवली. आठ वाजता तो भाऊ कॉफी प्यायला बाहेर पडला आणि बारच्या दारात त्याला स्वतःच्या मरणाची बातमी, अंत्यविधीच्या वेळेसकट, वाचायला मिळाली. मास्तर धावत आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी. डोळे गेलेत माझे. पोराचा काही दोष नाही." आणि सगळ्या बारला वाइन पाजली. माझ्या जन्मदात्याने माझ्यासाठी असे काही केले नाही. तो मी चार वर्षांचा असताना बेल्जियमला गेला.

त्याच आठवड्यात मास्तरांनी मला हिरवा एप्रन दिला. म्हणाले, "हा माझ्या धाकट्या भावाचा. ज्याच्या अंगावर हा, त्याचं हे दुकान. माझ्यानंतर." एप्रन मला थोडा आखूड होतो. आतल्या कडेला कुणीतरी भरलेले एक अक्षर उसवून टाकले आहे. दोरा गेला, पण सुईची भोके राहिली आहेत.

मंगळवार, २३ ऑक्टोबर

सहा प्रकरणे झाली. माझ्या प्रतीत पेन्सिलीच्या खुणा वाढत चालल्या आहेत. उभी रेघ म्हणजे बदलायचे, गोल म्हणजे सोडायचे. आज पाच गोल झाले.

आज अंत्यविधीवाला सान्ते आला होता. आमची बहुतेक पत्रके त्याच्याकडूनच येतात, पण आज कुणी मेलेले नव्हते. तो आणि मास्तर आत बसून बराच वेळ बोलले. जाताना त्याने दाराची रुंदी वितींनी मापली आणि मला म्हणाला, "चर्च अगदी समोर आहे रे तुमच्या. नशीबवान आहात."

दुपारी मोजणीवाला आला आणि फीत टाकून सगळे दुकान मोजून गेला. मी मास्तरांना विचारले.

"खिडकी मोठी करायचा विचार आहे," ते म्हणाले. "उजेड नको का तुला?"

माझ्या डोळ्यांचा विचार करतात. स्वतःचे गेले तरी.

शुक्रवार, २ नोव्हेंबर

आज सर्व मृतांचा दिवस. आईबरोबर दफनभूमीत शेवंती घेऊन गेलो. आजीच्या थडग्याचा दगड पुसताना आईने विषय काढला.

"मोजणीवाला कशाला आला होता?"

"खिडकीसाठी."

"खिडकी मोजायला सगळ्या भिंती कशाला मोजतात?" आई म्हणाली. ती शाळेत झाडलोट करते आणि तिला सगळ्या भिंती माहीत असतात. "तुला मास्तरांनी कागदावर काय दिलंय, एल्विओ?"

"शब्द दिलाय. एप्रन दिलाय."

"एप्रनला दारं-खिडक्या नसतात."

मी रागावलो. म्हणालो, तुला कुठलाच माणूस चांगला दिसत नाही. ती फुलदाणीत पाणी ओतत म्हणाली, "तुझा बाप निदान गाडीत बसताना खोटं बोलला नाही. म्हणाला, परत येईन की नाही सांगता येत नाही. मी त्या माणसाला बाकी सगळ्यासाठी शिव्या देते, पण त्या बोलण्यासाठी नाही."

रात्री तिने मला आवडतो तसा भाजलेला मका आणि डुकराचे मऊ सॉसेज वाढले. म्हणजे तिलाही वाईट वाटले असावे.

सोमवार, ५ नोव्हेंबर

मास्तरांनी मोठे काम सांगितले. सगळे शिश्याचे खिळे कप्प्यांतून काढून धुवायचे, वाळवायचे, वजन करायचे. जुने यंत्र सुटे करून प्रत्येक भागाला तेल द्यायचे. पितळी पाटी चकचकीत करायची.

"नाताळच्या आत सगळं नवरीसारखं दिसलं पाहिजे," ते म्हणाले. "तुझ्याइतकं नीट कुणी करणार नाही."

रॉकेल, चिंध्या आणि दोन ब्रश मीच आणले. मास्तरांकडे सुटे नव्हते. मला वाटते माझ्या हातात दुकान देण्याआधी त्यांना सगळे साफ करून हवे आहे. आईला काही सांगितले नाही.

बुधवार, १४ नोव्हेंबर

आज वाचनात एकशे एकतिसावे पान होते.

मुलगी बारा वर्षांची असते. तो तिला पायाने चालवायचे छोटे यंत्र दाखवतो आणि म्हणतो, हे तुझे. उन्हाळाभर ती ते पुसते, तेल देते, दातेरी चाकाच्या खाचांतली शाई टाचणीने काढते. सप्टेंबरात फेर्मोचा एक माणूस गाडी घेऊन येतो आणि यंत्र घेऊन जातो. पुढचे वाक्य मी इथे जसेच्या तसे उतरवून ठेवतो, कारण ते मला नीट कळले नाही: "एखादी वस्तू विकायची असली की तो ती साफ करायला त्यालाच सांगायचा, ज्याचा तिच्यावर सर्वांत जास्त जीव आहे."

हे मी वगळले. वाचता वाचता थेट एकशे बत्तिसाव्या पानावर गेलो. मास्तरांना फार लागले असते. बापाविषयी मुलीने असे मनाचे लिहू नये. माझ्या हातांना रॉकेलचा वास येत होता, त्यामुळे पाने जपून उलटावी लागली.

"मधेच काही गाळलंस का रे?" मास्तरांनी विचारले.

"नाही, मास्तर. पान चिकटलं होतं."

"चिकटतात," ते म्हणाले, आणि हसले.

मंगळवार, २० नोव्हेंबर

माझी झोप उडाली आहे. ती येणार आहे!

वाचनालयाच्या क्लेलियाबाईंनी फिओरेन्झाला बोलावले आहे. शनिवारी, एक डिसेंबरला, नगर सभागृहात. ती स्वतः पुस्तकातून वाचेल आणि लोक प्रश्न विचारतील. मास्तर तर हवेत आहेत. "सभेच्या पोस्टरसाठी सगळ्यांत मोठे खिळे काढ! चर्चच्या पायरीवरून वाचता आलं पाहिजे!" पुढच्या रांगेत मधली खुर्ची आपली, असे त्यांनी आधीच सांगून टाकले आहे.

ती काय वाचेल? तिने चिमट्याचे वाचले तर? मास्तरांना कळेल की सहा आठवडे मी त्यांना भलताच बाप ऐकवला. अजून शेवटचे प्रकरण वाचायचे राहिले आहे. म्हटले, सभेनंतर वाचू. मास्तर हो म्हणाले.

आज सांगून टाकायचे म्हणून तीनदा आत गेलो. तिन्ही वेळा पाणी पिऊन बाहेर आलो.

शनिवार, १ डिसेंबर. आता मध्यरात्र उलटली आहे.

क्रमाने लिहितो.

सभागृह भरले होते. फिओरेन्झा उंच आहे, केस पांढरे होऊ लागलेत, आवाज मास्तरांचा. तिने बापाच्या दोन्ही गालांना गाल लावले आणि जाऊन मंचावर बसली. क्लेलियाबाईंनी तिची ओळख करून दिल्यावर माझ्या शेजारून सान्ते ओरडला, "बायका लिहायला लागल्या आणि बापांची पंचाईत झाली!" सगळे हसले. तीही हसली.

"पंचाईत कसली, सान्ते? आमच्या आज्या ज्या गोष्टी सांगायच्या त्यांत बाप बोलायचाच नाही. आयांनी लिहायला घेतलं तेव्हा तो ओरडायला लागला. आम्ही लिहितो त्यात तो गोड बोलतो. गोड बोलणाऱ्यालाच जास्त पानं लागतात."

मग तिने पुस्तक उघडले आणि एकशे एकतिसावे पान वाचले. पूर्ण. ते वाक्यसुद्धा.

मी मास्तरांच्या मागच्या रांगेत होतो आणि त्यांच्या मानेकडे बघत होतो. वाटले, आता हे उठून जातील आणि मीही यांच्यामागून जाईन. मास्तरांनी मांडीवर थाप मारली. "खरं आहे!" ते मोठ्याने म्हणाले. "अगदी खरं! मग काय, ज्याला कळत नाही त्याच्याकडून साफ करून घेऊ?"

सभागृह खदखदून हसले. टाळ्या पडल्या. मास्तर उभे राहिले, नाटकातल्या नटासारखे वाकले, आणि मग वळून मला अंदाजाने शोधत म्हणाले, "आणि हा आमचा एल्विओ! सहा आठवडे मला वाचून दाखवतोय, आणि काय केलंय माझं? पाद्री करून ठेवलंय! मी मारतच नाही, विकतच नाही, नुसता डोक्यावरून हात फिरवतो!"

सगळे माझ्याकडे बघून हसले. औषधवाल्या बाईसुद्धा. हसण्याच्या भरात शेजारच्या सान्तेने माझ्या खांद्यावर हात टाकला.

"ते राहू दे, पोरा. शिसं किती भरलं शेवटी? मी सातशे किलो धरून चाललोय."

"तुम्ही कशाला धरताय?" मी विचारले.

त्याचा हात खांद्यावरून खाली गेला. "तुला बोलले नाहीत? जागा जानेवारीपासून माझी. शवपेटी ठेवायला, लोकांना बसायला. चर्च समोरच आहे ना. भंगारवाला दहा तारखेला येणार आहे." मग हळूच म्हणाला, "मला वाटलं तुला माहीत असणार. इतकं मनापासून साफ करत होतास."

रविवार, २ डिसेंबर

सकाळी दुकानात गेलो. का गेलो माहीत नाही. खिळे आकारांप्रमाणे पेट्यांत भरलेले होते, मीच भरलेले.

दहाच्या सुमाराला फिओरेन्झा आली. यंत्रावरून बोट फिरवून तिने बोटाकडे पाहिले. स्वच्छ होते.

"तुम्ही एल्विओ ना? एप्रन बघू."

मी काढून दिला. तिने आतली कड उलटली, उसवलेल्या अक्षराची भोके खिडकीच्या उजेडात धरली आणि बोट त्यांवरून फिरवले. एक उभी रेघ, तिला वर एक आडवी, मध्ये एक छोटी, खाली काही नाही. F, तिच्या नावाचे पहिले अक्षर. दोन वर्षे माझ्या पोटावर होते आणि मला वाचता आले नाही.

"भावाचा म्हणाले होते," मी म्हणालो.

"त्यांना भाऊच नाही." तिने एप्रन घडी करून परत दिला. "पूर्ण पुस्तक वाचलंत ना? मग तरी कळलं नाही?"

"मला वाटलं ती कादंबरी आहे."

ती हसली नाही. म्हणाली, "तुम्हाला आधीच पत्र लिहावंसं वाटलं होतं. मग वाटलं, तुम्ही म्हणाल हिलाच दुकान हवंय."

"तुम्हाला विक्रीचं माहीत होतं?"

"सप्टेंबरपासून." ती यंत्राकडे बघत होती. "विसाराचे अर्धे पैसे त्यांनी माझ्या नावावर टाकले. मी परत केले नाहीत."

"मग ते सगळं लिहिलंत कशाला?"

"लिहिणं वेगळं," ती म्हणाली. "तोरिनोत घरभाडं फार आहे, एल्विओ."

दुपारच्या गाडीने ती गेली. जाताना माझ्या प्रतीवर सही करू का म्हणून विचारले. मी नको म्हणालो. पुस्तकात पेन्सिलीच्या खुणा होत्या, त्या तिने बघू नयेत असे वाटले.

मंगळवार, ४ डिसेंबर

मास्तरांनी निरोप पाठवला: शेवटचे प्रकरण राहिले आहे. आई म्हणाली जाऊ नकोस. मी गेलो. एप्रन घरी ठेवून गेलो.

ते स्वयंपाकघरात, चुलीजवळ बसले होते. माझ्यासाठी काढलेला पेला भरलेला होता. त्यांच्या हातची जुनी उकळलेली वाइन, जी ते पाहुण्यांना देतात.

"रागावलायस," ते म्हणाले.

"तुम्ही म्हणाला होतात दुकान माझं."

"म्हणालो असेन. माणूस म्हणतो. तसं म्हटलं नसतं तर एवढ्या पगारात तू आणखी दोन वर्षं राहिला असतास का?" ते खरेच विचारत होते. उत्तर हवे असल्यासारखे. "आणि मी तुला अक्षर दिलं, पोरा. ते कुणी विकत घेऊ शकत नाही. सान्तेसुद्धा."

मी म्हणालो, "मी तुम्हाला खोटं वाचून दाखवलं त्याची माफी मागायला आलो होतो. निदान तेवढं तरी माझ्याकडून—"

"कसलं खोटं?" त्यांनी हात झटकला. "औषधवाल्या बाईंनी सप्टेंबरातच सगळं वाचून दाखवलं होतं मला. फक्त शेवटचं प्रकरण राहिलं. म्हणाल्या घसा बसलाय."

मी पेला खाली ठेवला.

"मग मला कशाला वाचायला लावलंत?"

"मला बघायचं होतं तू काय करतोस. पहिल्याच दिवशी चिमटा काढून टाकलास!" ते हसले, मग हसू थांबले. "मला आवडायचा तो, तुझ्या वाचनातला. संध्याकाळची वाट बघायचो मी. बरा माणूस होता."

"आणि सभेत? सगळ्यांसमोर?"

"सभेत लोक हसत होते, एल्विओ. लोक हसायला लागले की मला राहवत नाही." मग त्यांनी पुस्तक चाचपडून माझ्याकडे सरकवले. आवाज एकदम खाली आला. "आता शेवटचं वाच. तुझ्या पद्धतीने."

शेवटचे प्रकरण चारच पानांचे आहे. मी ते घरी वाचले होते आणि माझ्या प्रतीत पेन्सिलीने प्रत्येक पानावर गोल काढले होते.

त्यात तो मरतो. मुलगी गावी येते. छापखान्यातला माणूस तिला विचारतो, पत्रकावर खाली कुणाची नावे घालू, दुःखाने कळवणारे कोण कोण? ती म्हणते, कुणी नाही. तेवढी जागा कोरी सोडा. आणि गावभर भिंतींवर तसेच पत्रक लागते. वर त्याचे नाव, मध्ये वेळ आणि चर्च, आणि खाली, जिथे माणसे असायची, तिथे पांढरा कागद.

मी खिशातून माझी प्रत काढली आणि गोल पाहिले. मग पहिल्या शब्दापासून सुरुवात केली. "तो" होता तिथे "तो" म्हटले. स्वल्पविराम आला तिथे थांबलो, जसे त्यांनी शिकवले तसे. पत्रकाच्या ओळीवर मास्तरांनी टेबलावर हात ठेवला. "बस," ते म्हणाले. "हे तू असं नाही वाचणार. पुढे तू काय केलं असतंस ते वाच."

"पुढे एवढंच आहे, मास्तर," मी म्हणालो, आणि उरलेले अर्धे पान वाचले.

चुलीतले लाकूड खाली पडले. मी माझी प्रत मिटली, बाईंचे पुस्तक त्यांच्या हाताजवळ ठेवले आणि निघालो.

हिशेब, ४ डिसेंबरअखेर.

खर्च: पुस्तक, १८ युरो. रॉकेल, चिंध्या, दोन ब्रश, २३ युरो ४०.

येणे: ऑक्टोबर आणि नोव्हेंबरचा पगार, आणि नाताळला मिळतो तो तेराव्या महिन्याचा जादा पगार. सान्तेने उरलेले पैसे दिल्यावर, असे मास्तर म्हणतात. वरचे २३ युरो ४० मागणार नाही.

देणे: औषधवाल्या बाईंचे पुस्तक मास्तरांपाशी आहे, ते त्यांनी द्यावे. एप्रन. आईने काल धुतला. भोके तशीच आहेत. वाळला की तोरिनोला पाठवीन, टपालखर्च माझा. मास्तरांचे शेवटचे प्रकरण, आज छापले होते तसे वाचून दिले. त्यांचे आता माझ्याकडे काही निघत नाही.